बाल्कनीतून बघितलेलं नाटक क्लोजअपमध्ये कसं काय आठवतं?

गिरगाव_टू_बदलापूर:
शाळेत असताना आईबाबांनी शिवाजी मंदिरला 'ती फुलराणी' दाखवलं होतं, भक्ती बर्वेंचं. तिकिटं बाल्कनीची, त्यामुळे स्टेजवरची माणसं एवढुशी दिसत होती. पण आता ते फेमस स्वगत आठवायला गेलं की मला त्यांचा चेहरा एकदम जवळून दिसतो, डोळे वगैरे सगळं, जे तिथून दिसणं शक्यच नाही! यूट्यूबवरची क्लिप सारखी बघून बघून खरं नाटक पुसलं गेलंय बहुतेक. तुमचं होतं का असं? आणि दुसरं म्हणजे इथला एक हौशी ग्रुप हेच नाटक करतोय, लेकीला घेऊन जाणारे, तिला आधी क्लिप दाखवू का नको?

विंगेतला:
अजिबात नका दाखवू. त्या क्लिपमुळे पुढच्या प्रत्येक फुलराणीच्या मागे शुक्लकाष्ठ लागलंय. लोक पॉजसुद्धा मोजतात, भक्तीताई इथे थांबायच्या म्हणे. अहो, कॅमेरा होता त्या दिवशी थांबल्या असतील! १९७५ ला आलेलं नाटक, त्यानंतर किती प्रयोग झाले, ते सगळे हवेत गेले आणि एक रेकॉर्ड झालं तेच 'ओरिजिनल' ठरलं. स्टेजवर लाफ्टर आला की नट पुढचं वाक्य धरून ठेवतो, किती वेळ ते समोरची पब्लिक ठरवते, घरी मोबाईलवर एकट्याने बघताना तीच जागा लांबल्यासारखी वाटते आणि मग जुनी नाटकं संथ होती म्हणून मोकळे. शिवाय कॅमेरा बोलणाऱ्यावर. मंजुळा, म्हणजे फुलराणी, बोलत असताना प्रोफेसरचं तोंड कसं झालंय ते थिएटरात मी माझं मी बघतो, ती गंमत एडिटिंगमध्ये गेली ना.

शंकासुर:
आठवण म्हणजे कपाटातली फाईल नाही, दरवेळी काढली की नव्याने रचली जाते आणि नंतर बघितलेलं त्यात मिसळतं. काय बघितलं ते राहतं, कुठे बघितलं ते आधी विसरतो. आणि स्वतः शूट करणाऱ्यांचं तर अजून वेगळंच. लिंडा हेंकेल नावाच्या बाईंचा २०१४ चा प्रयोग आहे, म्युझियममध्ये लोकांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण झूम करून एखादा भागच टिपला तर तसं झालं नाही.

एडिसनचा_पाटील:
तुम्हाला बोलायला सोपंय, दादर लोकलने जाता येतं. आमच्याकडे न्यू जर्सीत दौऱ्यावर येईल तेच नाटक बघायचं. भक्ती बर्वे २००१ मध्ये गेल्या, माझ्या बायकोला त्या फक्त क्लिपमधूनच माहितीयेत आणि ती जाम फॅन आहे. १९२१ च्या संयुक्त मानापमानबद्दल, बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका स्टेजवर, आपण अजून उसासे टाकतो, त्याचं दोन मिनिटांचं जरी चित्रण असतं ना तरी तुम्ही सगळे रात्रभर लूपवर लावून बसला असतात. पॉज मोजत!

विंगेतला:
@पाटील बरोबर, बसलो असतो. पण मानापमानचं नवीन काम करणाऱ्याला मग जगू दिलं नसतं.

गिरगाव_टू_बदलापूर:
ठरलं, क्लिप नंतर. पण लेक स्टोरीला टाकायला शूट करणार हे नक्की, ओरडतील का?

विंगेतला:
ओरडतील कशाला, सरळ प्रयोग थांबवतील.