उपासनेनंतर भेटणारी माणसे : आपले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात चर्चमधील रविवारच्या उपासनेनंतर आमच्या ख्रिस्ती मंडळीतील बारा जण एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. वाढपी ताटे घेऊन आला तेव्हा नेमकी प्रार्थना सुरू झाली होती, आणि ज्या हातांनी हे अन्न रांधले व वाढले त्यांना आशीर्वाद दे, असे आम्ही डोळे मिटून म्हणत असताना ते हात तीन ताटांचा भार सांभाळत आमच्या मागे उभे होते. प्रार्थना लांबली. नंतर भाकरी निवली म्हणून आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याच मुलाला ‘ए’ अशी हाक मारून फैलावर घेतले, आणि मी तांबड्या रश्श्याची वाटी पुढे करून गप्प बसलो.

त्या गप्प बसण्यातून हा धागा निघाला आहे. वाढपी, घरकाम करणाऱ्या मावशी, घंटागाडीवरचे कामगार, पार्सल आणणारी मुले यांच्याशी वागताना आपला विश्वास कुठे दिसला आणि कुठे दिसला नाही, हे लिहावे. कोणाचीही नावे घेऊ नयेत, आणि स्वतःच्या दानशूरपणाच्या कथा थोड्या आवरत्या घ्याव्यात.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

सुटे पैसे नाहीत म्हणून मी आमच्या मावशींना ‘उद्या देते’ असे सहज सांगत असे. त्यांची भिशी दर महिन्याच्या पाच तारखेला असते आणि हप्ता चुकला की दंड भरावा लागतो, हे मला चार वर्षांनी समजले, तेही त्यांच्या मुलीकडून. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे, आणि तो अध्याय मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या बायबल वर्गात, मुलांना शिकवलाही होता. आता पगार एक तारखेला सकाळी देते. याला मी दया म्हणत नाही. ते त्यांचेच पैसे आहेत.

पूर्वी वाढपी असलेला एक विद्यार्थी

शिवाजी विद्यापीठात शिकताना मी दोन वर्षे हॉटेलात वाढप्याचे काम केले. मी स्वतः ख्रिस्ती आहे हे तेथे येणाऱ्या मंडळींना ठाऊक नव्हते, त्यामुळे मला बरेच पाहता आले. एका कुटुंबाने टीपऐवजी ताटाखाली धार्मिक पत्रिका ठेवली होती. पत्रिका चांगली होती, मी ती वाचलीही, पण त्या दिवशी माझ्याकडे केएमटीच्या (शहर बसच्या) तिकिटापुरतेही पैसे नव्हते. विनंती एवढीच, की मटणाची हाडे एका ताटात काढून ठेवावीत, लागेल ते एकदम सांगावे, आणि दुपारी साडेतीनला, म्हणजे कामगार स्वतः जेवायला बसतात तेव्हा, शक्यतो येऊ नये. उष्ट्यासकट ताटे एकात एक रचून ठेवणारे लोक मनाने चांगले असतात. आम्हाला मात्र ती पुन्हा सुटी करावी लागत.

एक गृहिणी

ऑगस्ट 2019च्या महापुरात शहराला पाण्याने वेढले होते आणि नळाला थेंब नव्हता. टँकरवरच्या माणसाशी आमच्या गल्लीने भांडण काढले, त्यात माझाही आवाज होता. सासूबाईंनी मात्र त्याला आधी चहा दिला आणि मग रांगेत कळशी लावली.

निवृत्त लिपिक, वय 68

मिशनरी वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्या मिशनच्या कामातूनच आमचे घराणे पुढे ख्रिस्ती झाले. त्याआधी आमच्या माणसांना चहा मिळाला तर तो वेगळ्या भांड्यात, वरून ओतून मिळे. याच शहरात राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत, ही गोष्ट माझे आजोबा प्रत्येक नाताळाला सांगत असत. एवढे सगळे ऐकून मोठा झालेल्या माझ्या घरात, न्हाणीघराच्या खिडकीत, कान तुटलेला एक कप कामवाल्या बाईंसाठी वेगळा ठेवलेला होता. तो कोणी ठेवला, कधी ठेवला, हे कोणालाच आठवेना. नातवाने विचारले तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. मी तो कप फेकून दिला. दुसऱ्या दिवशी बाईंना आमच्या कपात चहा दिला तर त्या संकोचून उभ्यानेच प्यायल्या, आणि खुर्चीवर बसायला त्यांना आणखी दोन महिने लागले.

नागाळा पार्क येथील एक वाचक

आमच्या सोसायटीत पार्सल आणणाऱ्या मुलांना लिफ्ट वापरायला बंदी आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला बसायला जागा आणि गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’, हे बायबलमधील याकोबाच्या पत्रातले चित्र मी बैठकीत धर्माचे नाव न घेता मांडले. ठराव पडला. तेव्हापासून मी पार्सल घ्यायला स्वतः खाली जातो. वरच्या एका आजोबांना हे नाटक वाटते, आणि ते पूर्ण चुकीचे आहेत असेही मला म्हणता येत नाही.

ताजा कलम, धागाकर्त्याकडून

काल आम्ही पुन्हा त्याच हॉटेलात गेलो आणि या वेळी ताटे येण्याआधीच प्रार्थना उरकली. भाकरी गरम होती. त्या मुलाची क्षमा मागावी असे ठरवून गेलो होतो, पण त्याचा सुट्टीचा दिवस होता.