जनताच्या मशीनवर दुसरा डायल बसेना

आजोबांच्या एचएमटी जनता घड्याळाचं १७ ज्वेलचं (आतले खडे) मशीन ठणठणीत आहे, केस मात्र घामाने खाल्लेली. जांभळी नाक्याजवळून जुनी स्टीलची केस आणली, क्रीम डायल दुसरीकडचा. त्याचे पाय (मागच्या बारीक खुंट्या) मशीनच्या भोकांत जात नाहीत, किंचित चुकतात. कापून चिकटवू का? (सेकंदकाटा काल पोळपाटावर सापडला. घरात तापलंय.)

— कापा, पण आधी स्टेम (चावीची दांडी) घालून बघा. केसचं भोक आणि स्टेम एका रेषेत नसेल तर चावी देताना घासेल आणि एक दिवस तुटेल. चिकटवायला डायल डॉट (दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या चकत्या) घ्या, त्यांची जाडीही धरा. फेव्हिक्विक अजिबात नको, वाफेने डायलवर पांढरं धुकं बसतं. माझा एक असाच गेला.

— वाशीहून एक सल्ला: पुढच्या वेळी युनिटास ६४९७ घ्या. ३६.६ मिमीचं, मुळात खिशातल्या घड्याळाचं मशीन. हात थरथरला तरी निभतं. मनगटावर मात्र वाटी बांधल्यासारखं दिसतं.

— वाटी नको, आजोबांचंच हवं! स्टेम घातली. भोक किंचित मागच्या झाकणाकडे आहे, म्हणजे डॉटच्या जाडीने मशीन मागे सरकून रेषेत यावं. रविवारी पाय कापतो, पोळ्या झाल्यावर.