नवोदय सहावीचा फॉर्म: तिसरी तालुक्याला, चौथी-पाचवी गावात, मग ग्रामीण भरू की शहरी?

बांधावरचा_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीला आहे, गावातल्याच झेडपी शाळेत. जवाहर नवोदयचा (केंद्र सरकारची निवासी शाळा) सहावीचा फॉर्म भरायचाय. अडचण अशी की तिची तिसरी तालुक्याच्या गावी झाली, तेव्हा आम्ही तिकडे भाड्याने राहत होतो, नंतर गावी परत आलो. चौथी पाचवी इथंच. आता फॉर्मात ग्रामीण का शहरी विचारतात तिथं काय टाकू? नेट कॅफेवाला म्हणतो ग्रामीण टाका, ग्रामीणला जागा जास्त असतात, कोण बघतंय. मला ते काही पटेना. दुसरं म्हणजे शाळा सेमी आहे, गणित इंग्रजीतून चालतं, बाकी सगळं मराठीत, तर परीक्षेचं माध्यम कोणतं घ्यावं? आणि क्लास लावायलाच लागतो का, की घरी होतं? ज्यांची मुलं गेलीत त्यांनी सांगा प्लीज.

खडू_आणि_फळा

भाऊ, मी झेडपीत शिक्षक आहे, दरवर्षी आमच्या पाचवीच्या पोरांचे फॉर्म शाळेतच बसून भरून घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णच्या पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेच्या पटावर नाव असलं तरी मूल शहरी धरतात. तुम्ही आत्ता राहता कुठं याला इथं काही अर्थ नाही, शाळा कुठं होती ते बघतात. त्यामुळे तालुक्याची ती शाळा शहरी हद्दीत असेल तर मुलगी शहरीच.

कॅफेवाल्याचं अजिबात ऐकू नका. फॉर्म भरताना कोणी बघत नाही हे खरंय, पण निवड झाल्यावर सगळे कागद बघतात, तिसरीचा दाखला तिथं लागतोच, आणि माहिती खोटी निघाली की प्रवेश रद्द. पोरीनं परीक्षा काढायची आणि बापाच्या टिकमार्कमुळे घरी बसायचं, हे कशाला?

आता जागांचं गणित. एका विद्यालयात सहावीला ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के म्हणजे ६० ग्रामीण मुलांना. उरलेल्या २० फक्त शहरी मुलांसाठी राखीव आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, त्या गुणवत्तेवर भरतात आणि त्यात ग्रामीण मुलंही येतात. म्हणजे शहरीला स्पर्धा जास्त, हे मान्य करूनच उतरायचं. पण एकूण जागांत मुलींसाठी एक तृतीयांश आहेत, हे तुमच्या बाजूने आहे.

जिल्ह्याचं पण लक्षात ठेवा, मूल राहतं आणि पाचवी शिकतं तो जिल्हा एकच हवा आणि त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. यंदा नाही झालं तर पाचवी परत करून पुढच्या वर्षी बसवू असं चालत नाही. पाहुण्यांत कोणी तसं सुचवलं तर सोडून द्या.

सायलीची_आई

गुरुजींनी सगळं सांगितलंच आहे. मी क्लासबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे त्यावरून घरात वाद झाले होते. पेपर आहे २ तासांचा, ८० प्रश्न, १०० मार्क. त्यातले ४० प्रश्न नुसत्या बुद्धिमत्तेचे, म्हणजे अर्धा पेपर, ५० मार्क. २० प्रश्न गणित, २० भाषा, दोन्ही २५-२५ मार्कांचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही हे मुलीला आधीच बजावून ठेवा, आमची लेक सरावात येत नसलेला प्रश्न प्रामाणिकपणे सोडून द्यायची.

बुद्धिमत्तेत सगळी चित्रंच असतात. वेगळी आकृती ओळखा, तशीच आकृती शोधा, अपुरी पूर्ण करा, मालिका, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, लपलेली आकृती असे प्रकार. घडीचे प्रश्न आम्ही खरा कागद आणि पंच घेऊन शिकवले, दोन चार वेळा हाताने केल्यावर तिला परत कधी समजवावं लागलं नाही. हे घरी सहज होतं. महागडा क्लास, त्यात निवासी क्लास वगैरे, पाचवीच्या लेकराला आधीच घरापासून लांब ठेवायचं, मला तरी पटलं नाही. शिष्यवृत्तीची तयारी केली असेल तर बुद्धिमत्तेचा बराच भाग त्यातच झालेला असतो.

रामभरोसे

ताई क्लासशिवाय होतं हे बोलायला सोपंय, ज्या घरात आईबाप दिवसभर कामाला जातात तिथं घड्या घालायला कोण बसणार? आमच्या पोराला क्लासनेच शिस्त लावली. त्याचा नंबर लागला नाही हा भाग वेगळा, पण गणित पक्कं झालं. आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते तिथं परत बसवणार आहे.

सायलीची_आई

बरोबर आहे दादा, तुमचा मुद्दा मान्य. माझं म्हणणं एवढंच की क्लास लावलाच तर रोज घरी येणाऱ्या मुलांचा लावा.

बांधावरचा_बाबा

गुरुजी मनापासून धन्यवाद. एक शंका राहिलीच. तालुक्याचं गाव आधी ग्रामपंचायत होतं, २०११ च्या जनगणनेत पण गावच आहे, नगरपंचायत नंतर झाली. मग तिसरीची शाळा ग्रामीण धरायची का शहरी? आणि ते माध्यमाचं कोणीच बोललं नाही.

खडू_आणि_फळा

हा घोळ खूप जणांचा होतो. नियम असाय की २०११ ची जनगणना किंवा त्यानंतरची सरकारी अधिसूचना, यात जे शहरी ठरलंय ते शहरी, बाकी सगळं ग्रामीण. म्हणजे नगरपंचायत तिच्या तिसरीच्या आधी झाली असेल तर शहरी धरून चाला. पण अंदाजावर भरू नका. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठा, यू-डायसला (शाळांची सरकारी माहिती नोंद) शाळेची नोंद ग्रामीण आहे का शहरी ते विचारा, आणि तरीही शंका वाटली तर सरळ जिल्ह्याच्या नवोदयला फोन करा, प्रवेशाच्या दिवसांत तिथं अशा चौकश्या रोजच्याच असतात.

माध्यम मराठीच घ्या. पेपर एकाच भाषेत मिळतो, अर्धा मराठी अर्धा इंग्रजी असं मिळत नाही. भाषेच्या २० प्रश्नांना उतारे वाचायचे असतात, ते ती मराठीत भराभर वाचेल. बुद्धिमत्तेला वाचायला फारसं नसतंच. राहिलं गणित, तर लसावि, मसावि, अंश-छेद, परिमिती, नफा-तोटा एवढे शब्द महिनाभरात अंगवळणी पडतात. आमची सेमीची पोरं असंच करतात.

फॉर्म navodaya च्या सरकारी साईटवरच भरायचा, फी शून्य. कॅफेवाला फॉर्मची फी म्हणून काही मागत असेल तर ती त्याची कमाई समजा. आधी मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र नवोदयच्याच नमुन्यात करून घ्या, फोटो, मुलीची सही, पालकांची सही स्कॅन करून ठेवा. जन्मतारीख दाखल्यावर आणि आधारवर एकच आहे ना तेही बघा, २०२६-२७ च्या प्रवेशाला १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ मधला जन्म चालत होता, पुढच्या वर्षांना एकेक वर्ष पुढे धरा. ओबीसी असाल तर केंद्राच्या यादीतली जात आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा दाखवून चालत नाही. मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस देतात, त्यात ग्रामीण-शहरी, प्रवर्ग, माध्यम, लिंग, दिव्यांगत्व एवढंच बदलता येतं, बाकीचं नाही, म्हणून नाव तारीख पहिल्यांदाच नीट.

जुना_नवोदयी

सगळे परीक्षेचंच बोलतायत म्हणून पुढचं सांगतो, मी तिथूनच बारावी केली. १९८५-८६ ला देशात पहिल्या दोन शाळा निघाल्या, हरियाणात झज्जर आणि आपल्याकडे अमरावती, तेव्हापासून पद्धत साधारण तीच. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी असतो पण मुलींना तो माफ आहे, एससी एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांनाही. बोर्ड सीबीएसई. सुरुवातीला मराठीतून शिकवतात, नंतर गणित विज्ञान इंग्रजीत आणि समाजशास्त्र हिंदीत. तुमच्या मुलीचं गणित आत्ताच इंग्रजीत आहे म्हणजे तेव्हा तिला सोपं जाईल.

एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीतच नसते. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, साधारण ३० टक्के मुलं. तिकडून इकडेही येतात. आमच्या बॅचला काही आईबापांनी ऐनवेळी रडारड केली, पोरं मात्र मजेत गेली आली.

सुरुवातीचे दिवस जड जातात, खोटं कशाला सांगू. काही मुलं पहिल्या सुट्टीला घरी गेली की परतच येत नाहीत. म्हणून मुलीला आत्ताच विचारा तिला स्वतःला जायचंय का. कपडे धुणं, वेणी घालणं, स्वतःचं सामान सांभाळणं तिला येतं का ते बघा, नसेल येत तर त्याचा सराव पण लावा, तो कुठल्या क्लासात मिळत नाही.

बांधावरचा_बाबा

तालुक्याच्या शाळेत जाऊन आलो. नगरपंचायत तिच्या तिसरीच्या आधीच झालेली, यू-डायसला पण शहरीच नोंद. म्हणजे शहरीच भरतोय. गावच्या मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र सोमवारी देतो म्हणालेत. मुलीला विचारलं तर म्हणते जाईन पण मैत्रीण पण येणार असेल तर, आता मैत्रिणीच्या बापाला पण हा धागा पाठवलाय.

खडू_आणि_फळा

त्या मुलीची तिन्ही वर्षं गावातच झाली असतील तर ती ग्रामीण, दोघींचे फॉर्म एकाच वेळी भरताना ती ओळ नीट बघून भरा, एकीचं बघून दुसरीचं टाकू नका. आणि दोघींना आत्तापासून बॉलपेननेच गोल भरायची सवय लावा, पेन्सिल चालत नाही आणि एकदा भरलेला गोल बदलता येत नाही.