भीमा आणि चंद्रभागा एकच का?

वाटसरू: परवा एसटीनं पुण्याहून सोलापूरला चालले होते. भिगवण सोडल्यावर डाव्या हाताला पाणीच पाणी. शेजारच्या आजींनी हात जोडले, म्हणाल्या, "हीच पुढं चंद्रभागा." भूगोलात तर भीमा शिकले होते. नाव नेमकं कुठं बदलतं?

घाटमाथा: नदी एकच. भीमाशंकरला उगम. पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथं चंद्रभागा, पुढं परत भीमाच. 861 किलोमीटर वाहून रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते.

पळसदेवकर: ताई, तुम्ही पाहिलंत ते उजनीचं पाणी. आमचं जुनं पळसदेव त्याच्या खाली आहे. धरण 1980 ला पूर्ण झालं, आम्ही त्याआधीच वर आलो. मी आठ वर्षांचा होतो. वडिलांनी जुन्या घराची तुळई बैलगाडीत घालून आणली. नव्या घरात तीच आहे, माझ्या पाळण्याच्या कड्या अजून तिला आहेत.

धरण 117 टीएमसीचं, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. त्यालाही हात लागला की आम्ही म्हणतो, धरण मायनसमध्ये गेलं. पिकं जळतात, जीव तुटतो. पण त्याच दिवसांत पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. 2024 ला आईला घेऊन गेलो. पोटरीभर गाळ, भिंतींना शिंपले. वीरगळांपाशी उभी राहून तिनं आपल्या घराची दिशा बोटानं बरोबर दाखवली.

आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. म्हणजे चंद्रभागेत बुडी मारताना अंगावर येतं ते आमच्या गावावरून गेलेलं पाणी. त्या आजींना माझा नमस्कार सांगायला हवा होता.

घाटमाथा: इतिहासाचं म्हणाल तर संभाजी महाराजांना कैद करून आणलं तो पेडगावचा बहादूरगड भीमेकाठीच. 1689 मध्ये त्यांना मारलं ते तुळापूरही भीमा-इंद्रायणीच्या संगमावर. आणि 1695 पासून चार वर्षं औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, याच नदीवर. मराठे काही संपले नाहीत.

वाटसरू: दादा, देऊळ बघायला कधी यावं?

पळसदेवकर: मे अखेरीस. आधी पाणी किती उतरलंय ते विचारा, पाऊस चांगला झालेल्या साली नुसतं शिखर दिसतं. भिगवणला चिलापी मासा खाऊन या. देवळापर्यंत मी नेतो, गाळात कुठं पाय ठेवायचा ते नवख्याला कळत नाही.