घरटी वाढली म्हणजे चित्रबलाक वाढले का?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार. उजनी धरणाच्या फुगवट्यालगत आमचे गाव आहे आणि बाजारतळाजवळच्या जुन्या चिंचांवर दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस चित्रबलाक या करकोच्यांची वीण सुरू होते. त्यांपैकी एका चिंचेवर गेल्या हंगामात मी ११ घरटी मोजली होती, यंदा १७ भरली. पक्षी वाढले म्हणून गावात आनंद आहे. मला मात्र त्याच झाडाखाली मेलेली पिल्ले गेल्या वर्षीपेक्षा जास्त सापडत आहेत. अशा वेळी संख्या वाढली असे म्हणावे की वीण फसली असे, आणि हे ठरवण्यासाठी नेमके काय मोजावे?

पाणथळनोंदी

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. घरट्यांच्या संख्येवरून यंदा किती जोड्या विणीला बसल्या एवढेच कळते, आणि शेजारची एखादी वसाहत उठून तुमच्याकडे आली तरीही ती संख्या वाढते. उदाहरणार्थ, उजनीजवळच्या भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींच्या बुंध्याशी पाणी असते तोवर कुत्री आणि माणसे घरट्यांपर्यंत पोहोचत नाहीत. तलाव आटला की हे संरक्षण जाते आणि पक्ष्यांना दुसरी झाडे शोधावी लागतात.

विणीचे यश मोजायचे तर दर घरट्यामागे किती पिल्ले उडण्याजोगी झाली ते पाहावे लागते. मादी बहुधा तीन-चार अंडी घालते, आणि सगळी अंडी घालून होण्याआधीच उबवणे सुरू होत असल्यामुळे पिल्ले मागेपुढे बाहेर येतात. त्यामुळे एकाच घरट्यात थोरले दांडगे आणि धाकटे मूठभर असे चित्र दिसते, आणि अन्न कमी पडले की पहिला बळी धाकट्याचा जातो. म्हणून विचारतो, तुम्हाला सापडलेली पिल्ले नुसत्या पांढऱ्या लवेची होती की पिसे फुटलेली?

गाळपेर

मी धरणाच्या पाण्याकडेही बोट दाखवीन. धरण भरलेले म्हणजे पक्ष्यांची चैन असे बातम्या वाचून वाटते, पण चित्रबलाकाचे तसे नाही. तो अर्धवट उघडी चोच उथळ पाण्यात बुडवून डोलवत चालतो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. नजरेपेक्षा स्पर्शावर त्याची भिस्त असल्याने गुडघाभर पाण्यात चिलापी माशांची दाटी झाल्याशिवाय त्याचे भागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरते, काठ उघडे पडतात, मासे डबक्यांत अडकतात, आणि नेमक्या याच दिवसांत घरट्यांत पिल्ले असतात.

मात्र या उतरण्यालाही मर्यादा आहे. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचे तळाचे पाणी आहे, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते, म्हणजे मृतसाठ्यातलेही पाणी उपसले गेले होते. अशा वर्षी काठ चिंचांपासून फार दूर सरकतो, पालकांच्या खेपा लांबतात आणि दिवसाकाठी पिल्लांच्या वाट्याला येणारे घास कमी होतात.

घनाफेरी

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, ज्याला तिकडे घना म्हणतात, हेच गणित उलट ऋतूत चालते. तेथील वीण पावसाळ्यात पाणी आल्यावर सुरू होते. करौलीतल्या पांचना धरणामुळे गंभीरी नदीचे पाणी अडले आणि त्यात पाऊसही कमी झाला, तेव्हा बाभळी रिकाम्या राहिल्या. पण घरटी नाहीत म्हणून पक्षी संपले असे होत नाही. चित्रबलाक दीर्घायुषी आहे आणि वयात यायला त्याला काही वर्षे लागतात. त्यामुळे लागोपाठ काही हंगाम वाया गेले तरी प्रौढांच्या मोजणीत ती घट उशिराच उमटते. त्याच कारणाने तुमच्या १७ घरट्यांचा गेल्या हंगामातल्या पिल्लांशी काही संबंध नाही, कारण ती पिल्ले अजून विणीच्या वयाचीच नाहीत.

मोजपट्टी

एका दिवसाची मोजणी फसवी असते, कारण आधीच मोडलेली घरटी तिच्यात येत नाहीत. प्रत्येक घरट्याला क्रमांक द्यावा, आठवड्यातून एकदा एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे आणि पक्षिअभ्यासक मेफिल्डच्या १९६१ मधील पद्धतीने रोजचा टिकाव काढावा. घरटे एका दिवसातून दुसऱ्या दिवसात जाण्याची शक्यता ९९ टक्के असली तरी अंड्यांपासून उड्डाणापर्यंतच्या सुमारे ९० दिवसांनंतर शंभरातली चाळीसच टिकतात. पिल्ले सहा आठवड्यांची झाली की शेवटची मोजणी करावी; पुढे ती फांद्यांवर हिंडू लागतात आणि कोणाचे कोण ते कळेनासे होते. झाडाखाली जाऊन पक्षी उठवू नयेत, उघड्या अंड्यांवर कावळे टपलेलेच असतात.

भीमाकाठ

सर्वांचे आभार. सापडलेल्या आठ पिल्लांपैकी सात लवेची होती. आठवे पिसे फुटलेले होते, पण ते वळवाच्या वाऱ्यात घरट्यासकट खाली आले. कालपासून समोरच्या गच्चीवरून क्रमांक टाकायला घेतले आहेत. सहाव्या घरट्यात भर दुपारी पालक पंख पसरून उभा होता, दोन पिल्ले सावलीत होती आणि तिसरे कडेला, निम्मे उन्हात. तूर्त त्या घरट्यापुढे तीन लिहिले आहे.