मदत हवी आहे: हलके रोड बाईक ब्रेक घ्यावेत का?

मंडळी, जरा सल्ला हवाय. माझी रोड बाईक रिम ब्रेकवाली आहे (म्हणजे ब्रेक पॅड चाकाच्या कडेवर, रिमवर दाबले जातात), लिव्हर शिमानो टियाग्राचे आणि कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारे चिमट्यासारखे हात, कंपनीने लावून दिलेले साधेच. चढाला वजन कमी करायचं डोक्यात घुसलंय, आणि आमच्या ग्रुपमधला एक जण केन क्रीक कंपनीचे ईईब्रेक (हलके, महागडे कॅलिपर) घे म्हणून मागे लागलाय. ते पुढचा-मागचा मिळून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात, शिमानो १०५ कॅलिपरची जोडी पावणेचारशेच्या घरात, म्हणजे फरक दीडशे ग्रॅमचा, आणि त्यासाठी अमेरिकेतून मागवायचं, वर कस्टम ड्युटी, पैसे पाण्यासारखे जाणार. एक बाटली अर्धी भरून नेली तर एवढं वजन फुकटात कमी होतं ना राव!

मला खरी भीती उताराची आहे. पावसाळ्यात सिंहगड उतरताना रिमवर काळा चिखलासारखा लगदा जमतो, लिव्हर पार हँडलपर्यंत दाबला तरी पहिले काही क्षण गाडी थांबायचं नावच घेत नाही. हलक्या कॅलिपरने यात काही फरक पडतो का, की कॅलिपरचे हात जास्त वाकतात आणि उलट स्पंजी लागतं?

का सरळ कूलस्टॉप कंपनीचे सॅमन (गुलाबीसर रंगाचे, ओल्यात चांगले धरणारे) ब्रेक पॅड, नवीन केबल आणि चांगलं आऊटर (केबलचं बाहेरचं कवच) टाकून गप्प बसू? रिम अलॉयचीच आहे, कार्बन नाही. ज्यांनी असे महागडे ब्रेक घाटात वापरलेत त्यांनी प्लीज सांगा, नुसते रिव्ह्यू वाचून सांगू नका, ते मीपण वाचलेत.