मदत हवी आहे: ॲडलेडची कौर्ना भाषा शिकतेय, तीन प्रकारच्या 'र'वर अडलेय

नमस्कार मंडळी,

ॲडलेडला राहते. इथल्या मूळ रहिवाशांच्या कौर्ना (उच्चार 'गार्ना'च्या जवळचा) भाषेचा संध्याकाळचा वर्ग लावलाय. ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या मानल्या जाणाऱ्या इवारित्जी १९२९ मध्ये वारल्या. त्यानंतर घरात कौर्ना ऐकत वाढलेलं कोणी उरलं नाही. आज जे शिकवतात ते मुख्यतः टाइकेलमान आणि शुरमान या दोन जर्मन मिशनऱ्यांच्या १८४० च्या व्याकरणावरून आणि सुमारे २,००० शब्दांच्या संग्रहावरून. १९९० च्या सुमारास कौर्ना मंडळींनी भाषातज्ज्ञांना सोबत घेऊन ती पुन्हा उभी करायला घेतली. आता शाळांत शिकवतात, सभेत स्वागताचं भाषण कौर्नात होतं, टॉरेन्स नदीच्या पाटीवर 'कर्राविर्रा पारी' दिसतं.

आपल्याला ट, ण, ळ फुकटात मिळालेत, त्यामुळे वर्गात माझा भाव वधारलाय. शेजारचा गोरा मुलगा ळ साठी जीभ वळवताना अक्षरशः घाम गाळतो! द्विवचनही आहे: एकाला 'नीना मार्नी?', दोघांना 'निवा मार्नी?', तिघांना किंवा जास्त जणांना 'ना मार्नी?' (कसे आहात, असं). शाळेतलं संस्कृत इतक्या वर्षांनी कामी आलं.

घोडं अडलंय 'र'पाशी. एक थरथरता, एक मऊ, एक जीभ मागे वळवून. सुटा म्हणताना जमतात, वाक्यात आले की तिन्हींचा एकच होतो. मिशनऱ्यांनीही हे फरक सगळीकडे नीट नोंदवलेले नाहीत, म्हणून जुनं पुस्तक उघडून उपयोग नाही. तमिळ किंवा मल्याळम शिकलेल्या कोणी 'र'चे प्रकार कसे घोटले? मी देवनागरीत टिपणं काढतेय, पण मऊ 'र'ला कोणती खूण करावी ते सुचत नाही.

दुसरं जरा नाजूक. ही टिपणं नेटवर टाकावीत का? नवऱ्याचं म्हणणं, "टाकून दे, भाषेचा प्रचारच होईल." मला ते पटत नाही. भाषा त्यांची आहे. घराला किंवा संस्थेला कौर्ना नाव हवं असलं तरी इथे त्यांच्या भाषासमितीला विचारायची पद्धत आहे. वर्गातल्या आंटींना (वडीलधाऱ्यांना इथे अंकल-आंटीच म्हणतात) विचारणारच आहे. पण नुसतं 'टाकू का?' विचारलं तर भिडेखातर हो म्हणतील, अशी धास्ती वाटते. बुलढाण्यात निहाली किंवा गडचिरोलीत गोंडीवर काम केलेलं कोणी इथे आहे का? ध्वनिमुद्रण कोणाकडे ठेवलंत, परवानगी तोंडी घेतलीत की लेखी, आणि नंतर कोणी 'काढून टाका' म्हटलं तर काय केलंत?

'ॲप काढ' हा सल्ला कृपया नको, तो भाचा रोज देतो. ॲडलेडचं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुढच्या सत्राला जोडीने बसू.